निळ्या ठिपक्याची राणी

मधकाकांना मधकाका हे नाव मधमाशांमुळे पडलं आणि काकूंना मधकाकू हे नाव काकांमुळे. लग्नात बाईचं आडनाव बदलतं हे एक वेळ ठीक. पण काकूंचं राहिलेलं नाव पुढे माशांनीही काढून घेतलं, आणि त्याबद्दल त्यांचं मत कोणी विचारलं नाही. चाळीस वर्षांत त्यांचं मत बऱ्याच गोष्टींबद्दल विचारायचं राहून गेलं होतं. एका बाबतीत मात्र त्यांचा शब्द शेवटचा. पोळ्याचा कोणता तुकडा डबीत जाईल आणि कोणता घरी खायचा, ते त्या ठरवत.

काका बाटलीतला मध विकत नसत. "बाटलीत काय, साखरेचं पाणीसुद्धा जातं," असं ते म्हणत. ते विकायचे पोळं. चौकोनी कापलेलं, मेणासकट, पारदर्शक डबीत. वर मेणाची पांढरी झाकणं, खाली मध, मध्ये माणसाची लुडबुड नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. गिऱ्हाइकाने घरी न्यायची, स्वतः उघडायची आणि चावून खायची.

आता मेणासकट खायचं म्हटल्यावर लपवाछपवीला जागा राहत नाही. पोळ्याच्या आधाराला एरवी तार घालतात, ती इथे चालत नाही, दातात जाते. शेवटचं झाकण बसलं की आठवड्याच्या आत पोळं काढायचं. उशीर केला तर माशा पायपुसणं असल्यासारख्या त्यावरून ये-जा करतात आणि पांढऱ्याचं पिवळं होतं. काढलेलं पोळं पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे मेणकिड्याची अंडी मरतात. मग पिशवी न सोडता एक दिवस बाहेर, नाहीतर दव धरतं. मग गरम सुरीने तुकडे, मग कडा कोरड्या होईपर्यंत जाळीवर निथळत ठेवायचे, मग डबी, वजन, चिठ्ठी. यातली एक पायरी विसरली तरी पोळं ते सांगतंच. चहाडखोर माल.

आणि काका विसरायला लागले होते.

पहिली खबर दुकानदाराने दिली. हा दुकानदार काकांच्या डब्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवायचा, दागिने ठेवावेत तशा.

"काकू, तुमच्या डबीतून अळी निघाली," तो फोनवर म्हणाला.

"मेलेली?"

"मेलेली कशाला? चांगली धडधाकट. माझ्या गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत होती."

काकूंनी फ्रीजर उघडून पाहिला. आत काकांचे हातमोजे होते, वाचायचा चष्मा होता आणि पिशवीत नीट बांधलेला टीव्हीचा रिमोट होता. दोन दिवस गारठवून झाल्यावर त्याच्यात एकही अंडं जिवंत राहिलं नसणार. पोळी मात्र थेट सुरीखाली आणि तिथून डबीत गेली होती.

"माझ्याच हातून राहिलं हो गारठवायचं," काकू दुकानदाराला म्हणाल्या. "वय झालं."

लेकीलाही त्यांनी तेच सांगितलं. लेक दोन तासांच्या अंतरावर राहायची आणि तिला सगळं दोन तासांत निकालात काढायची सवय होती. ती म्हणाली, "आई, बाबांना जमत नसेल तर माशांच्या पेट्या देऊन टाकू. तो रस्त्यापलीकडचा पेटीवाला कधीपासून मागतोय."

"त्यांना काय धाड भरलीये? मी विसरले म्हणतेय ना."

असं एकदा म्हटलं की पुढे म्हणणं सोपं जातं. न निथळलेल्या डब्या दुकानात पाझरल्या आणि मुंग्यांची रांग काचेच्या कपाटापर्यंत गेली, तेव्हा काकू विसरल्या. चिठ्ठ्यांवर पुढच्या वर्षाची तारीख पडली, तेव्हाही काकूच. माशांना शांत करायचा धुराचा डबा पेटलेलाच गाडीच्या डिकीत राहिला आणि सीटचं मागचं अंग जळलं, तेव्हासुद्धा, गाडी चालवता येत नसताना, काकूच. सव्वा वर्षात त्या इतक्या गोष्टी विसरल्या की कोणती कधी विसरलो याचा त्यांना हिशेब ठेवावा लागला. तो त्यांच्या डोक्यात चोख होता.

हा उद्योग त्या मूर्खपणाने करत नव्हत्या. मागच्या थंडीत त्यांनी पाहिलं होतं. थंडीत पेट्या मिटून ठेवतात, काम नसतं. ते तीन महिने काका खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. जेवलो का, हे त्यांना पोटाला विचारून सांगावं लागे. एकदा त्यांनी काकूंना, "बाई, तुमचे मालक कधी येतील?" असं अगदी अदबीने विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "येतील एवढ्यात," आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. मग ऊन आलं, पहिली पेटी उघडली, आतून तो घूं आवाज निघाला, आणि काका झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, "अगं, बघतेस काय? सुरी दे." हात सगळं जाणत होते. डोकं हातांच्या मागे मागे, बोट धरून चालल्यासारखं यायचं. पेट्या गेल्या तर माणूस गेला, इतका हा सरळ मामला होता. काकूंना त्याच्या बदल्यात चार चुका अंगावर घेणं स्वस्त वाटलं.

त्या वसंतात काकांनी सगळ्या नव्या राण्यांच्या पाठीवर निळा ठिपका लावला. राणीचं वय कळावं म्हणून दर वर्षी ठिपक्याचा रंग बदलतात: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा, की पुन्हा पांढरा. यंदा निळ्याचं वर्ष. बोटांत जिवंत राणी धरून काडीच्या टोकाने ठिपका टेकवायचा, तिचा पंख चिकटता कामा नये. काकांचा हात तिळभर हलला नाही. काकू दारातून बघत होत्या. त्यांना वाटलं, हा माणूस काय विसरणार?

पेटीची रचना साधी. खालच्या मजल्यावर बाळंतघर, वरच्यावर कोठार. दोन्हींच्या मध्ये एक जाळी. तिच्यातून कामकरी माशा जातात, राणी मात्र अंगाने भरलेली, ती जात नाही; म्हणून ती वर अंडी घालत नाही आणि वरचं पोळं निव्वळ मधाचं राहतं. पण माशाही आळशी. वरच्या कोऱ्या मेणपत्र्यावर पोळं बांधायचं तर जाळीतून चढायला त्या कुरकुरतात. त्यावर काकांची जुनी युक्ती होती: जाळी चार दिवस काढायची, माशांना वरची वाट लागली की राणी खाली आहे हे पाहून परत बसवायची. दर हंगामात ते हे करत आले होते. चार म्हणजे चार.

यंदा एका पेटीची जाळी काढली गेली. परत बसवली गेली नाही.

काकूंना ते टेबलावर कळलं. सकाळची वेळ, पोळं फ्रीजरमधून निघून एक दिवस बाहेर काढून झालेलं, सुरी गरम पाण्यात. त्यांनी पिशवी सोडली. कडेकडेने पोळं इतकं देखणं होतं की त्यांनी मनात डब्या मोजायला घेतल्या. मग त्यांनी पोळ्याची लाकडी चौकट उताणी केली. मधोमध तळहाताएवढा भाग तपकिरी होता, झाकणं फुगीर, बिस्किटासारखी. त्या प्रत्येक झाकणाखाली एक माशी व्हायची राहिलेली. आणि त्या भागावर, पाय पोटाशी घेतलेल्या सात-आठ माशांच्या घोळक्यात, एक लांबट अंगाची माशी होती. तिच्या पाठीवर निळा ठिपका होता.

काका शेवटची माशी झटकल्याशिवाय चौकट पिशवीत घालत नसत. म्हणजे तेही राहिलं होतं.

काकूंनी सुरी ठेवली. हात पुसले. शेडमध्ये गेल्या. जाळी भिंतीशी उभी होती, तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. दीडेक महिन्याचं काम. ती उचलून त्यांनी घरात आणली आणि कपाटात चादरींच्या घडीखाली सारली. आता राहिलं पोळं. ते कचऱ्यात टाकायचं आणि काका विचारणार नाहीत, एवढंच.

त्या परतल्या तेव्हा काका टेबलाशी उभे होते. त्यांनी राणीला तळहातावर घेतलं होतं.

"निळा ठिपका," ते म्हणाले. "यंदाचीच. मी लावलाय." त्यांचा आवाज त्या दिवशी अगदी जागेवर होता, हेच दुर्दैव. "कोठारात कशी आली ही? जाळी कुठाय?"

काकूंनी पिशवीची घडी घालायला घेतली.

"मी विचारतोय, कोणी मारलं हिला?"

चाळीस वर्षांत हा माणूस बायकोवर ओरडला नव्हता. डोळ्यावर माशी चावली तरी माशीचीच चौकशी करणारा. आता त्याने तळहात काकूंच्या तोंडासमोर धरला होता; ठिपका लावणारा तोच हात.

'तुम्ही' हा शब्द काकूंच्या जिभेवर येऊन बसला. मग त्यांना ती खुर्ची दिसली, भिंतीकडे तोंड केलेली.

"मी," त्या म्हणाल्या. "जाळी मी काढली होती. धुवायला. परत लावायची राहिली."

"धुवायला?"

"चिकट झाली होती."

"जाळी धुतात? ती काय ताटवाटी आहे?" काका खाली बसले. "तीस हजार जीव पोरके केलेस गं. धुवायला!"

त्यांनी एक रिकामी डबी घेतली, राणीला तीत ठेवलं, झाकण लावलं आणि सवयीने काट्यावर ठेवलं. काटा डबीचं वजन वजा करून दाखवायचा. त्याने शून्य दाखवलं. काकांनी तरीही चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर तारीख घातली. तारीख बरोबर होती.

"उद्यापासून शेडमध्ये पाय ठेवायचा नाहीस," ते म्हणाले. "पोळ्याला हात लावायचा नाही. तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी सव्वा वर्ष बघतोय."

अशा रीतीने त्या धंद्यातला एकुलता एक तपासनीस कामावरून काढला गेला.

मग काका पोरक्या पेटीपाशी गेले, फळीला कान लावला आणि तिथूनच सांगितलं की माशा रडक्या सुरात बोलतायत. त्यांनी ती पेटी शेजारच्या पेटीवर चढवली, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घातला, म्हणजे कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींकडच्यांना एकमेकींचा वास ओळखीचा होतो. एकही चूक झाली नाही. परत येऊन त्यांनी लेकीला फोन केला.

"तुझ्या आईचं काही खरं नाही," काकू ऐकत असताना ते म्हणाले. "तिला काही आठवत नाही. मी सांगितलं नाही इतके दिवस. वाटलं, लपेल."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर चोर बिचारा प्रामाणिक होता.

लेक शनिवारी आली. तिच्या फोनमध्ये यादी होती: अळी, मुंग्या, तारखा, धुराचा डबा, एकूण चौदा कलमं, सगळी आईनेच कबूल केलेली. कबुलीजबाब इतका भरभक्कम असल्यावर पुरावा कोण मागतो? पण पुरावाही मिळाला. लेक झोपायला चादर काढायला गेली आणि जाळी घेऊन बाहेर आली. चादरीला माशांचा डिंक लागला होता.

"आई. ही चादरींच्या खाली काय करतेय?"

काकूंनी जाळीकडे पाहिलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच."

लेकीने आईला जवळ घेतलं. बऱ्याच वर्षांनी घेतलं. काकूंना ते बरं वाटलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये," लेक त्यांच्या केसांत म्हणाली. "पेट्या बाबा बघतील. त्यांचं चांगलं चाललंय."

रविवारी काका चिठ्ठ्या लिहायला बसले. डब्यांवर लावायच्या चिकट चिठ्ठ्या, वर माशीचं चित्र. गॅसपाशी लावली: 'गॅस बंद केला का?' दारावर: 'किल्ली घेतली का?' औषधाच्या डबीवर: 'सकाळची घेतली का?' "राग येऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "होतं असं. मी आहे ना."

दुपारी काकूंच्या लक्षात आलं की काका जाता-येता चिठ्ठ्या वाचतायत. गॅसपाशी थांबले, वाचलं, बटण पाहिलं. औषधाची डबी वाचून त्यांनी स्वतःची गोळी घेतली, ती सकाळची राहिली होती. काकू चहाचा कप हातात धरून बघत राहिल्या. चहा गार झाला.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेडमध्येही लावा ना चार."

"तुला शेडमध्ये जायचंच नाहीये."

"मी विसरून गेले तर?"

हे काकांना पटलं. "काय लिहू?"

"लिहा, धूर विझवला का?"

काकांनी लिहिलं.

"माशा झटकल्या का? फ्रीजरमध्ये ठेवलं का?"

"हळू गं. लिहितोय."

"आणि प्रत्येक पेटीवर एक: जाळी परत बसवली का?"

काकांनी अक्षर घोटून घोटून अकरा पेट्यांसाठी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या आणि वाऱ्यात टोपी सावरत सगळ्या चिकटवून आले. काकू खिडकीतून मोजत होत्या. त्यांना हसू आलं, खरंखुरं. आजारी आपण पडायचं आणि औषध यांनी घ्यायचं. संसारात याहून उफराटे सौदे त्यांनी केले होते. वर्ष निघेल, त्यांनी विचार केला. कदाचित दोन.

त्यासाठी फक्त सोमवारी नापास व्हायचं होतं. पास झाल्या तर पुढचा प्रश्न उघड होता: मग चौदा कलमं कोणाची? म्हणून काकूंनी पाठांतर केलं. सोमवार आहे हे लक्षात ठेवायचं, ते म्हणायचं नाही, गुरुवार म्हणायचं; पुन्हा विचारलं तर पुन्हा गुरुवारच, बुधवार नाही. वेड पांघरायचं तर पांघरूण सगळीकडून सारखं खोचावं लागतं. आयुष्यात त्यांनी एकाही परीक्षेची इतकी तयारी केली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. खोलीत एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर मेंदूचं चित्र. काकू समोर, काका त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून, लेक मागे यादी घेऊन.

"काकू, आज वार कोणता?"

"गुरुवार."

लेकीने श्वास आत घेतला. काकांनी काकूंचा हात धरला.

"बरं. आपण कुठे आलोय?"

"बँकेत," काकू म्हणाल्या. हे तयारीत नव्हतं, पण सुचलं. वजनकाटा पाहून आपण दुकान म्हणायला हवं होतं, असं त्यांना नंतर वाटलं.

"साल कोणतं चालू आहे?"

काकूंनी आकडा तयार ठेवला होता. त्या तोंड उघडणार तोच काका त्यांच्याकडे झुकले. बायकोची चारचौघांत फजिती होतेय, हे त्यांना बघवेना. हात दाबून, वर्गात शेजारच्याला सांगावं तसं, ते हळूच म्हणाले, "अगं, सोपं आहे. पिवळ्या ठिपक्याचं."

हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. खोली लहान होती.

मागे लेकीचं काहीतरी खाली पडलं, फोन असावा. ती माशांच्या घरात वाढली होती, रंगांचा पाढा तिला अंकांच्या आधी आला होता. पिवळा तीन वर्षांपूर्वीचा. यंदाच्या निळ्या राणीची डबी तर शनिवारी तिने स्वतःच्या हातात धरली होती.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

"पिवळ्या ठिपक्याचं," त्या डॉक्टरीणबाईंना ठणकावून म्हणाल्या. "मला माहीत होतं. त्यांनी सांगायच्या आधीच. माझंच उत्तर आहे ते. लिहा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं नाही. त्यांनी मागे लेकीकडे पाहिलं. लेकीने तोंडावर हात धरला होता आणि ती मान हलवत होती. मग डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद घेतला आणि आपली खुर्ची जराशी फिरवली.

"काका, तुम्हालाही विचारू का दोन-तीन प्रश्न? सहज."

"विचारा की," काका खूश होऊन सरसावून बसले. हल्ली त्यांना कोणी काही विचारत नसे. "हिच्यापेक्षा बरा निघेन."

"आज वार कोणता?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या मेंदूकडे. मग, चाळीस वर्षं चष्मा कुठाय, किल्ली कुठाय, सुरी कुठाय म्हणून जिकडे बघायचे तिकडे बघितलं, काकूंकडे.

काकूंचा हात अजून त्यांच्या हातात होता. काकूंना उत्तर येत होतं.